मिठाचं ऊन

"लाईट गेलीय का हो?" दिपिकानं विचारलं, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीचा पडदा पूर्ण सरकवलेला होता, एप्रिलचं ऊन कॉटच्या दांडीपर्यंत आलं होतं, आणि वर ट्यूबही चालू होती, कारण दिवसा ट्यूब बंद करायची सवय सरू सिस्टरला वीस वर्षांत लागली नव्हती. आसावरी त्या वेळी दिपिकाच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाहत होती. गुडघा उडाला. तो उडायलाच हवा होता. झटके थांबवायचं औषध अंगात जास्त झालं की आधी गुडघा गप्प होतो आणि मग श्वास, म्हणून काल दुपारपासून दर दोन तासांनी ती या गुडघ्यावर हातोडी मारत होती. रात्री सरूनं मारली होती. गुडघा उडाल्याचं समाधान तिच्या मनात पुरतं उतरायच्या आत हा प्रश्न आला. पंखा फिरत होता. "नाही गं, आहे की लाईट," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या हातातली हातोडी थांबली. "मंग एवढा अंधार कशाला केलाय?" दिपिकानं विचारलं. ती घाबरलेली नव्हती. आपण झोपून उठलो, लोकांनी खिडक्या लावून ठेवल्यात, एवढीच तिची तक्रार होती. तेवीस वर्षांची मुलगी, काल बाळंत झालेली, चेहरा अजून सुजलेला, आणि ती आसावरीच्या डाव्या खांद्याच्या थोडं पलीकडे पाहत बोलत होती.

आसावरीनं बॅटरी काढून दोन्ही डोळ्यांत मारली. बाहुल्या आकसल्या, सोडल्यावर पुन्हा पसरल्या. डोळे शहाणे होते. डोळ्यांपुढे हात आणला तर पापणी लवली नाही. तिनं पुन्हा हात आणला, उगाचच, जसं घरातून निघताना लावलेलं कुलूप आपण पुन्हा ओढून बघतो. हे तिला माहीत होतं, पुस्तकात होतं, शिकताना दोनदा पाहिलंही होतं: गरोदरपणात रक्तदाब चढतो, मेंदूला सूज येते, झटके येतात, आणि कधी कधी डोक्याच्या मागच्या बाजूला जिथं बघण्याचं काम चालतं तिथंच ती सूज बसते. डोळे बघतात, पण बघितलेलं पोचत नाही. बहुतेक जणींचं परत येतं. बहुतेक. या शब्दाचा तिला एकदम कंटाळा आला, आणि कंटाळ्याच्या खाली भीती होती. "औषधाची गुंगी आहे," तिनं दिपिकाला सांगितलं. "डोळे मिटून पड." दिपिकानं आज्ञाधारकपणे डोळे मिटले. तिला त्यानं काहीच फरक पडला नसणार, हे बाहेर आल्यावर आसावरीच्या लक्षात आलं.

पेणच्या जुन्या बाजारामागे आसावरीचं हे दहा खाटांचं हॉस्पिटल होतं, वरच्या मजल्यावर घर. दर मंगळवारी ती रोह्याला जायची, एका औषधांच्या दुकानामागच्या खोलीत दुपारपर्यंत पेशंट बघायची आणि परत यायची. दिपिका तिथलीच. नवरा प्रविण रोह्याला कंपनीत, तीन शिफ्टची नोकरी, भाड्याची खोली. दिपिकाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत सासूनं, सीताबाईनं, स्वतःच्या अंगावर घेतली होती. "आयशीच्या जागी मीच हाय," असं तिनं ओटी भरताना सगळ्यांना सांगितलं होतं आणि सुनेला कासूच्या अलीकडे खाडीकाठच्या आपल्या गावी नेलं होतं. सीताबाईचा सगळा जन्म मिठागरावर गेलेला. नवरा गेल्यावरही ती आगरावर जात राहिली. तिथंच, गावच्या घरात, गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात असताना दिपिकाला झटका आला. शेजारच्या टेम्पोत घालून तिला पेणला आणली तेव्हा दुसरा झटका येऊन गेला होता आणि रक्तदाबाचा आकडा असा होता की आसावरीनं तो मोठ्यानं उच्चारला नाही. औषधं दिली, भूल द्यायला साईराज डॉक्टर धावत आले, दीड तासात पोट उघडून मुलगी बाहेर काढली. दोन किलोला थोडी कमी, पण रडली. सगळं पुस्तकात सांगितल्यासारखं झालं होतं. काल संध्याकाळी साईराज डॉक्टर चहा पिताना म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या हातात आली म्हणून वाचली." आसावरी त्यावर हसली होती. त्या हसण्याची आता तिला लाज वाटत होती.

बाहेर बाकावर प्रविण आणि सीताबाई बसली होती. प्रविणच्या अंगात गुरुवारचाच कंपनीचा शर्ट होता. आसावरीनं त्यांना सांगितलं. सोपे शब्द वापरले, हळू सांगितलं, तरी प्रविणनं पहिला प्रश्न तोच विचारला. "म्हणजे आंधळी झाली?"

"नाही. डोळे चांगले आहेत. डोक्यात सूज आहे, ती उतरली की दिसायला लागेल. बहुतेक वेळा लागतं."

"बहुतेक?"

"बहुतेक."

तो आईकडे वळला. "बघितलंस? ती चमकतंय चमकतंय बोलत होती. बुधवारी दिवसभर डोकं धरून बसली होती. नि तू काय केलंस? मिठाचं ऊन लागलं बोललीस. ओला फडका बांधलास डोक्याला. मला फोन करायला काय झालं होतं तुला?" त्याचा आवाज चढला तसे समोरच्या बाकावरचे दोघे-तिघे पाय जवळ घेऊन बसले. सीताबाई मान खाली घालून बसली होती. भेगाळलेली तिची पावलं एकावर एक ठेवलेली होती, मिठानं वर्षानुवर्षं खाल्लेली, नखं निळसर झालेली. "चुकलं रं बाबा माजं," ती म्हणाली, आणि मग तिनं मान वर करून आसावरीकडे एकदा पाहिलं. एकदाच, आणि लगेच नजर काढून घेतली. आसावरी म्हणाली, "आत्ता हे नको. आत पेशंटला ऐकू जातं." हे तिनं डॉक्टरच्या आवाजात म्हटलं, ज्या आवाजापुढे पेणमध्ये कोणी बोलत नाही, आणि दोघं गप्प झाली. आपण कशासाठी गप्प केलं, हे तिला त्याच क्षणी ठाऊक होतं.

कारण मिठाचं ऊन हे शब्द सीताबाईचे नव्हते, तिचे स्वतःचे होते. मंगळवारी दुपारी, रोह्याला, त्या औषधांच्या वासाच्या खोलीत दिपिका शेवटची पेशंट होती, सासूबरोबर गावाहून तपासणीला आलेली. सकाळपासून एकोणतीस झाल्या होत्या. पाठ दुखत होती, डब्यातली भाजी आंबल्याचा संशय होता, आणि लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली पेणलाच राहिली होती. रक्तदाब एकशे अडतीसवर अठ्ठ्याऐंशी आला. ना धड जास्त ना धड नीट. पाय सुजले होते, पण आठव्या महिन्यात कुणाचे सुजत नाहीत? "डोकं दुखतं का?" तिनं विचारलं. "दुखतं थोडं थोडं." "डोळ्यांपुढे काही येतं?" "येतं ना, मधेच कायतरी चमकतं. पांढरं पांढरं." दिपिका पुढे काही सांगणार होती, तोंड उघडंच होतं तिचं. आणि आसावरीनं विचारलं, "आगरावर गेली होतीस का?" दिपिकानं सासूकडे पाहिलं. सीताबाई म्हणाली, "व्हय बाय, काल आलती माज्या संगती. बसून व्हती, कामाला नाय लावली तिला." "मग मिठाचं ऊन लागलं," आसावरी म्हणाली. "दुपारचं जायचं नाही आगरावर. डोक्यावर ओला फडका ठेवा, पाणी भरपूर, आठ दिवसांनी दाखवा." सीताबाईचा चेहरा उजळला होता. मोठी डॉक्टरीण आणि आपल्या भाषेत बोलते. आसावरीलाही बरं वाटलं होतं. केसपेपरवर तिनं रक्तदाबाचा आकडा लिहिला आणि खाली, रोज लिहायची तसं, तक्रार नाही असं लिहिलं.

मुंबईला शिकताना एक म्हातारी प्राध्यापिका होती, आवाज पुरुषासारखा, पांढऱ्या कोटाच्या खिशात नेहमी आवळासुपारी. ती सगळ्या मुलींना उभं करून म्हणायची, तीन प्रश्न विचारा. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काय येतं, छातीखाली पोटात दुखतं का. आणि विचारून झालं की गप्प बसा. उत्तर तिच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही तिच्या तोंडात घालू नका. घरकामानं दुखत असेल, उपाशी असशील, ऊन लागलं असेल, हे तुम्ही म्हणायचं नाही. ते तिची आई म्हणेल, सासू म्हणेल, सगळं जग म्हणणारच आहे. तुम्हाला पगार ते न म्हणण्याचा आहे. पोरी हसायच्या. आसावरी हसली नव्हती, तिनं वहीत लिहून घेतलं होतं. पंचवीस वर्षं तिनं ते पाळलंही. हजारो बायकांना तीन प्रश्न विचारले आणि गप्प बसली. मग याच एकीच्या वेळी का नाही? थकलेली होती म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण थकलेली तर ती रोजच असते.

खरं कारण तिला शुक्रवारी दुपारी कन्सल्टिंग रूममध्ये बसल्या बसल्या सापडलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. तिच्या आजोबांचा जिते गावाजवळ मिठागरात वाटा होता, कूळकायद्यात तो गेला. पण जुनी ओळख म्हणून वडील, जे पेणच्या शाळेत गणित शिकवायचे, एकदा मे महिन्यात तिला तिथं घेऊन गेले. ती आठ वर्षांची होती. बांधावरून चालताना दोन्हीकडे नुसतं पांढरं, वर ऊन, खाली ऊन, आणि अर्ध्या तासानं तिच्या डोळ्यांपुढे चांदण्या नाचायला लागल्या. ती रडायला लागली. कामावरच्या एका बाईनं तिला उचलून झोपडीच्या सावलीत नेलं, आपल्या लुगड्याचा पदर खाडीच्या पाण्यात नाही, माठातल्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "काय नाय गो, मिठाचं ऊन लागलंय, निजलीस की जाईल." तो ओला खारट वासाचा पदर, ती काळी थंड सावली, ती बाई हसताना दिसणारे तिचे दात, हे सगळं आसावरीनं आयुष्यभर जपून ठेवलं होतं. पेणमध्ये राहायचं का ठरवलंस असं कुणी विचारलं की ती ही गोष्ट सांगायची. मला या लोकांचं सगळं कळतं, असा त्या गोष्टीचा अर्थ होता, आणि ती तो ऐकणाऱ्याला आपला आपण काढू द्यायची. मंगळवारी दिपिका पांढरं पांढरं म्हणाली आणि आसावरी त्या बांधावर जाऊन पोचली. तिनं दिपिकाला तपासलंच नव्हतं. आठ वर्षांच्या स्वतःला तपासलं होतं, आणि तिला काही झालेलं नव्हतं.

दुपारी डोक्याचा फोटो काढून आणला. रक्तस्राव नव्हता, मागच्या बाजूला सूज होती. पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, औषधं बरोबर चालली आहेत, रक्तदाब धरून ठेवा, थांबा. थांबणं हे काम आसावरीला कधीच जमलं नव्हतं. शेजारच्या कारखान्यात गणपती घासण्याचं काम चालू होतं, पॉलिश पेपरची खरखर भिंतीतून येत होती, एरवी तिला ती ऐकूही येत नसे. आज ती दातांत शिरली. ती तीनदा दिपिकाच्या खोलीत जाऊन आली. तिसऱ्या वेळी दिपिका रडत होती. तिला आता कळलं होतं. "मला काय झालं ते कायच आठवत नाय मॅडम," ती म्हणाली. "सोमवारी आगरावर बसलेली, तिथपर्यंत हाय. तिथनं एकदम हितंच." झटक्यांनी मधले दिवस पुसून नेले होते. मंगळवारची रोह्याची खोली तिच्या डोक्यात नव्हतीच. हे ऐकून आसावरीला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटलं हे कळून तिनं कॉटची दांडी घट्ट धरली. "पोरीचा रंग कसा हाय?" दिपिकानं विचारलं. "नाक कुणाचंय?" आसावरीनं सांगितलं, "नाक तुझंच," जरी दोन किलोच्या मुलीला नाक असं काही अजून नव्हतं.

संध्याकाळी अनन्याचा फोन आला. मुलगी मुंबईला याच विषयात शिकत होती, आईपेक्षा हुशार आणि आईपेक्षा सावध. आसावरीनं तिला सगळं सांगितलं, मंगळवारही सांगितला. "पेपरवर काय लिहिलंयस?" अनन्यानं विचारलं. "तक्रार नाही." "मग झालं. आई, प्रेशर एकशे अडतीस होतं, कुणीही सोडलं असतं. आणि दिसायला लागेल तिला, ऐंशी-नव्वद टक्के लागतंच. तू आता उगाच काही बोलत बसू नकोस त्या लोकांशी. एकदा बोललीस की ते दहा माणसं घेऊन येतील, मग फुटलेल्या काचा मोजत बस." ती काळजीनं बोलत होती, आणि एकेक शब्द खरा होता. "जेवलीस का?" असंही तिनं शेवटी विचारलं. आसावरीनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण हिला तीन प्रश्न शिकवले, चौथं हे पेपरचं हिचं हिनंच शिकून घेतलं. पण हेही काही खरं नव्हतं. पेपर नीट ठेवायचा हेही तिनंच शिकवलं होतं.

शनिवारी काही बदललं नाही. रक्तदाब उतरला, लघवी नीट झाली, गुडघा उडत राहिला, आणि दिपिका आवाजाच्या दिशेला मान वळवत राहिली. दुपारी काचेच्या पेटीतून बाळाला काढून सरू आईजवळ नेत होती. वाटेत सीताबाई बाकावरून उठली, पदराला हात पुसून पुढे आली आणि प्रविण मधे उभा राहिला. "तू हात नको लावू तिला," तो म्हणाला. हळू म्हणाला, कालच्यासारखा ओरडला नाही, त्यामुळे ते जास्त वाईट होतं. "ह्या दोघींना निडीला मावशीकडे ठेवणार मी. तिथनंच काय ते बघू. तू गावाला जा." "पोरीला बघू तरी दे," सीताबाई म्हणाली. "दुरून बघ." सरू बाळाला घेऊन तशीच उभी. आसावरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती. तिला वाटलं, आता बोलावं. नुसतं एक वाक्य. अरे, ते मी सांगितलं होतं. तोंडात शब्द तयार होते. तेवढ्यात कुणीतरी सोनोग्राफीचा नंबर विचारायला आलं आणि तिनं त्या माणसाला नंबर सांगितला, खोलीही दाखवली, स्वतः चालत जाऊन. परत आली तेव्हा सीताबाई पुन्हा बाकावर बसली होती. गावाला जा म्हटल्यावरही ती गेली नव्हती. शेजारी स्टीलचा डबा होता, कुणीतरी गावाहून आणून दिलेला, आणि तो उघडलेला नव्हता.

त्या संध्याकाळी आसावरीनं एक सौदा केला. कुणाशी ते तिनं ठरवलं नाही. देवाशी तिचं फारसं बोलणं नव्हतं. तिला दिसायला लागू दे, मी सांगून टाकते. सौदा करताना तिला तो मोठा वाटला. रात्री झोप लागण्याआधी त्यातली गोम तिच्या लक्षात आली: दिसायला लागलं की सांगायची गरजच कुणाला उरणार? सगळे आनंदात असतील. प्रविणही विसरेल. बाळाच्या बारशाला सीताबाई असेलच की, रक्ताची नाती अशी तुटतात थोडीच. आणि नाही लागलं दिसायला, तर सौदा मोडला, सांगायचं नाही. कुठूनही आलं तरी रस्ता घरीच येत होता. इतका थकवा तिला ऑपरेशननंतरही कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी ती खोलीत शिरली तर दिपिका तिच्याकडे पाहत होती. खांद्यापलीकडे नाही, तिच्याकडे. "मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली हाय व्हय?" आसावरीचा हात चष्म्याकडे गेला. महिनाभर ती बांधलेलीच होती. "किती बोटं?" तिनं विचारलं. "तीन. नाय, दोन. कडेचं जरा दुधात बुडाल्यागत दिसतंय." सरूनं देवाचं नाव घेतलं आणि डोळे पुसले. प्रविण कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून. आसावरीनं पुन्हा बोटं दाखवली, बॅटरी मारली, रंग विचारले, खिडकीबाहेरचं झाड विचारलं. सगळं जाग्यावर येत होतं. आनंद झाला तिला, खरा आनंद. आणि त्या आनंदातच ती दाराकडे वळली, कारण सौदा आठवायच्या आत तिला तिथून निघायचं होतं.

सीताबाई दारातच उभी होती. आत आली नव्हती, उंबऱ्याबाहेर, चौकटीला हात लावून, तिथून दिसेल तेवढं बघत होती. "दिसतंय ना बाय तिला?" तिनं विचारलं. "दिसतंय." "बरं झालं माजे बाय." आणि ती वळून बाकाकडे चालायला लागली, काम झालेल्या माणसासारखी. डबा उचलला, पिशवीत घातला, चपला पायांनी सरळ केल्या. ती खरंच गावाला निघाली होती. आसावरी तिच्यामागे गेली. "सीताबाई, थांबा. मंगळवारी रोह्याला... तुम्हाला आठवतं का, मिठाचं ऊन कोण म्हणालं होतं?"

"नाय आठवायला काय झालं," सीताबाई म्हणाली. "तुमीच बोल्लात."

"मग प्रविणला का नाही सांगितलंत? तीन दिवस तो तुम्हाला बोलतोय."

सीताबाईनं पिशवी खांद्याला लावली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं. "कवा सांगू?" ती म्हणाली. "पोर माजी तुज्या हातात व्हती. सुरी तुज्या हातात, सुई तुज्या हातात. मी बोल्ली असती तर तो तुज्या अंगावर आला असता, नि तुजा हात थरथरला असता तर? पोरगा काय, माजाच हाय. आज बोलतोय, उद्या नाय बोलणार." तिनं पहिल्यांदाच डॉक्टरला तू म्हटलं होतं. आसावरीला ते वर्षानुवर्षांचं कर्ज वसूल केल्यासारखं नाही, तर घरातल्या धाकट्या बाईला समजवावं तसं ऐकू आलं, आणि म्हणूनच ते सहन झालं नाही. या बाईनं हिशेब केला होता. डॉक्टरीण चुकली, हे तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. पण चुकलेल्या डॉक्टरणीकडूनच सून वाचवून घ्यायची आहे, म्हणून तिनं चूक उचलून आपल्या पदरात बांधली होती. आणि आसावरी तीन दिवस समजत होती की म्हातारी विसरली असेल.

ती परत खोलीत गेली. मनाची तयारी वगैरे केली नाही. तयारी करायला बसलं की काय होतं ते तिनं पाहिलं होतं. "प्रविण," ती म्हणाली, "मंगळवारी रोह्याला दिपिकानं मला सांगितलं होतं, डोळ्यांपुढे चमकतं म्हणून. डोकं दुखतं म्हणून. हे त्या आजाराचं लक्षण आहे, मला माहीत होतं. मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. मिठाचं ऊन लागलं, हे मी म्हणाले. ओला फडका मी सांगितला. आठ दिवसांनी या, हेही मीच सांगितलं. तुझ्या आईनं बुधवारी जे केलं ते माझं ऐकून केलं." सरूनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू आसावरीनं भर वॉर्डात पदर सोडला होता. दिपिका डोळे बारीक करून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती, नुकतंच मिळालेलं बघणं वापरून.

प्रविण भिंतीपासून दूर झाला. मग म्हणाला, "तीन दिवस तुमी गप कशाला बसलात?"

"भीती वाटली."

"आमची?"

तिनं विचार केला. "तुमचीही," ती म्हणाली.

तो तिच्या अंगावर आला नाही. शिवीही दिली नाही. नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यात गेल्या गुरुवारपासूनचं मॅडम-मॅडम सगळं गळून पडलं होतं. पेणमधली तिची वीस वर्षं याच गावात, याच लोकांच्या तोंडी उद्यापासून वेगळी सांगितली जातील, हे आसावरीला स्पष्ट दिसलं. वाईट वाटलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही, उलट पाठ आणखी दुखायला लागली. "तिला आज सोडायचं नाही," ती म्हणाली, कारण ते सांगणं भाग होतं. "प्रेशर अजून आठ-दहा दिवस चढू शकतं. हवं तर दुसऱ्या हॉस्पिटलला हलवा, मी सगळे कागद देते. मंगळवारचा पेपर दुरुस्त करून देते, मी आता बोलले ते सगळं आजच्या तारखेनं लिहून." प्रविणनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. त्यानं सरूच्या हातून बाळ मागून घेतलं. त्याला ते धरता येत नव्हतं. कोपर वर, मान आत, जपून, तो दारातून बाहेर गेला.

सीताबाई बाहेरच्या दारापर्यंत पोचली होती. "आई," त्यानं हाक मारली. ती वळली. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं ते दोन किलोचं गाठोडं तिच्यापुढे धरलं. सीताबाईनं हात पुढे केले, आणि मधेच मागे घेतले.

"थांब," ती म्हणाली. "हात धुऊन येते."